सांधा आधी ओळखा, गोळी मग

सांधा दुखायला लागला की आपल्याकडे पहिली चक्कर मेडिकलवर होते. "मना गुडघा दुखस, काहीतरी द्या," एवढ्यावर दोन रंगीत गोळ्या आणि एक कॅप्सूल कागदात बांधून मिळते. दोन दिवस बरं वाटतं, आणि आजार कोणता होता हे कुणालाच कळत नाही. गुडघ्याची झीज, आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), गाऊट (यूरिक ॲसिडमुळे होणारा सांध्याचा आजार), चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), सांध्याचा टीबी असं सगळं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत सापडतं. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे, आणि एका आजाराची गोळी दुसऱ्या आजारात बाधू शकते. दवाखान्यात जाण्याआधी दहा मिनिटं सांध्याकडे नीट पाहिलं तर निम्मं निदान घरीच होतं. ते कसं पाहायचं, ते आधी.

सांधाच दुखतोय ना?

दुखणाऱ्या माणसाला खाटेवर आडवं करा आणि अंग सैल सोडायला सांगा. आधी त्याला स्वतःला सांधा हलवू द्या, मग तुम्ही धरून हळूच हलवा. दोन्ही वेळा, सगळ्या दिशांना दुखलं आणि सांधा पुरता वळेना, तर दुखणं सांध्याच्या आत आहे. स्वतः हलवताना एकाच दिशेला कळ येते, पण तुम्ही हलवलं की सुरळीत फिरतो, असं असेल तर ते बहुतेक सांध्याभोवतालच्या स्नायुबंधाचं दुखणं. ते विश्रांती, व्यायाम आणि वरून लावायच्या जेलवर बरंचसं सुटतं. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडतो तेव्हा मात्र तो दोन्ही प्रकारे अडतो. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा, तिथेच तो थांबतो. अशा वेळी खांद्याआधी साखर तपासा.

खुब्याचं दुखणं फसवं असतं. माणूस कुल्ल्यावर हात ठेवून "खुबा दुखतो" म्हणतो, ते बहुतेक वेळा कंबरेतून आलेलं असतं. खऱ्या खुब्याची कळ जांघेत येते, आणि कधी कधी फक्त गुडघ्यात. गुडघा दुखतो म्हणून लंगडणारं मूल उताणं झोपवा, त्याचा खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवा आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्या. जांघेत कळ आली, किंवा दुसऱ्या पायापेक्षा वळण कमी निघालं, तर एक्स-रे खुब्याचा हवा. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला म्हणून अशी मुलं कित्येक महिने लंगडत फिरतात आणि तोवर खुब्याचा गोळा बसत जातो.

सूज आणि ऊब

दोन्ही गुडघे उघडे ठेवा, पाय सरळ, मांडी सैल. निरोगी गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना हलका खळगा दिसतो. आत पाणी झालं की आधी आतल्या बाजूचा खळगा बुजतो. शंका वाटली तर आतल्या बाजूवरून तळहात वरच्या दिशेने फिरवून पाणी वर सारा आणि लगेच बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरवा. आतला खळगा डोळ्यांदेखत फुगला तर पाणी आहे. पाणी फार झालं असेल तर ही खूण दिसत नाही, पण मग सूज लपतही नाही.

ऊब हाताच्या मागच्या बाजूने पाहायची. मांडी, वाटी, नडगी या क्रमाने हात टेकवा. निरोगी गुडघ्याची वाटी मांडी आणि नडगीपेक्षा गार लागते. ती त्यांच्याइतकीच किंवा जास्त उबदार लागली तर आत दाह चालू आहे. उन्हातून आल्या आल्या हे पाहू नका, मे महिन्यात भुसावळात सगळंच तापलेलं असतं. अर्धा तास सावलीत बसा. त्याआधी शेक, बाम, मालिश काही नको.

हातासाठी वेगळी युक्ती आहे. हस्तांदोलनासारखा हात धरा आणि चार बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठी दोन्ही कडांनी एकत्र, हलक्या दाबा. निरोगी माणसाला काहीच वाटत नाही. आमवात सुरू होत असेल तर माणूस हात ओढून घेतो, वरून सूज दिसत नसली तरी. पायाच्या चवड्यालाही असंच दाबून बघा.

वहीत काय लिहायचं

सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती मिनिटं लागतात, हा सगळ्यांत कामाचा आकडा. घड्याळ बघूनच लिहा, अंदाजाने नको. दहा-पंधरा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात मोकळे झाले तर झीज. तासभर किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेले राहिले तर दाहाचा आजार, म्हणजे आमवात किंवा त्याच्या जातीतलं काही. झिजेचा गुडघा चालून दुखतो आणि बसून थांबतो. दाहाचा सांधा बसून आखडतो आणि हालचालीने सुटतो.

दुसरी नोंद सांध्यांची. एकच आहे की अनेक, लहान की मोठे, दोन्ही बाजूंना सारखे की कसेही? तिसरी नोंद सुरुवातीची. रात्री चांगला झोपलेला माणूस पहाटे पाय टेकू शकत नाही, तर गाऊट किंवा जंतुसंसर्ग. आठवडे-महिन्यांत वाढलं तर आमवात किंवा टीबी. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलं तर झीज. शेवटी बाकीच्या गोष्टी लिहा : ताप, वजन घटणं, अंगावर खवलेदार चट्टे, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, डोळा लाल होऊन दुखणं, महिन्याभरात झालेले जुलाब किंवा लघवीची जळजळ. रोग्याला या गोष्टींचा सांध्याशी संबंध वाटत नाही, म्हणून तो सांगत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरचंही विचारायचं राहून जातं.

कधी वाट पाहायची नाही

एकच सांधा, गरम, टम्म सुजलेला, अंगात ताप, आणि बोटभर हलवला तरी किंकाळी, तर तो सांधा पू धरतोय असं समजून त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. जंतू आणि पू मिळून कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, काही दिवसांत खाऊन टाकतात, आणि ती परत येत नाही. मधुमेही, वृद्ध, आधीच आमवात असलेले, सांध्यात नुकतंच इंजेक्शन घेतलेले आणि कृत्रिम सांधा बसवलेले लोक यांत हा धोका जास्त. काहींना ताप येतही नाही. अशा सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायला गेलं पाहिजे, आणि ते अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. गावातच एक सलाइन आणि दोन इंजेक्शनं झाली की तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि पुढचं औषध अंदाजाने द्यावं लागतं. आमवाताच्या जुन्या रोग्याचा एकच सांधा बाकीच्यांपेक्षा फार जास्त भडकला, तर तो आमवात धरून चालू नका.

टीबीचा सांधा याच्या उलट सावकाश चालतो. गुडघा, खुबा किंवा मणका, महिनोन्‌महिने सूज पण ऊब थोडीच, वरची मांडी बारीक झालेली, संध्याकाळचा कणकण ताप. मूल रात्री झोपेत ओरडून उठतं. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. उपचार साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतो. दोन महिन्यांत बरं वाटतं आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना, कच्चं दूध पिणाऱ्यांना येत-जात राहणारा ताप आणि कंबरेच्या खालच्या सांध्यात दुखणं असेल तर ब्रुसेलाची (जनावरांपासून येणाऱ्या जंतूची) तपासणी करायला सांगा. दूध उकळूनच प्या.

झीज

गुडघ्याची झीज सगळ्यांत जास्त दिसते. कूर्चा पातळ होते, खालचं हाड टणक होतं, कडांना टोकं येतात आणि मांडीचे स्नायू दुबळे होतात. यातलं स्नायूंचं दुबळेपण तेवढं आपल्या हातात आहे, आणि नेमकं तिकडेच कुणी बघत नाही.

एक्स-रे काढायचा तर उभं राहून, पायांवर वजन देऊन. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट मोठी दिसते आणि झीज लपते. कागदावर तसं लिहून घ्या, नाहीतर टेबलावर झोपवूनच काढतात. एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. फट पार गेलेला माणूस शेतात कामाला जातो आणि थोडी झीज असलेला घरी कण्हतो. "गॅप संपला, आता ऑपरेशनच" हे केवळ फिल्म बघून कुणी सांगितलं तर दुसऱ्याचं मत घ्या.

व्यायाम असा : पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, मांडी टणक झाली पाहिजे. 5 सेकंद धरा, सोडा. एका पायाला 10 वेळा, दिवसातून तीनदा. आठवड्याने दुसरा व्यायाम जोडा : उताणं झोपून एक गुडघा वाकवलेला, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर ते फूटभर उचला, 5 सेकंद धरा, हळू खाली आणा. मग कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर. याने खुब्याच्या बाजूचा स्नायू भरतो आणि चालताना डुलणं कमी होतं. चौथा व्यायाम खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि बसणं, आठ-दहा वेळा. खुर्चीतून उठणं जड जात असेल तर उशी ठेवून उंची वाढवा. मोजमाप सोपं आहे. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत ओसरलं तर प्रमाण बरोबर, दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलं तर निम्म्यावर आणा. बंद करू नका. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक लोक दुसऱ्या आठवड्यात कंटाळतात.

वजन 1 किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी कमी होतो. 80 किलोच्या माणसाने 6-8 किलो उतरवले तर चालण्यात स्पष्ट फरक पडतो.

काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. चुकीच्या हातात धरणारेच जास्त दिसतात. हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. उकिडवं बसणं गुडघ्याला सगळ्यांत महाग पडतं, आणि आपल्याकडे निंदणी, भांडी घासणं, चूल, संडास, सगळं उकिडवंच. संडासात कमोड किंवा भोकाची खुर्ची, चुलीऐवजी ओट्यावर गॅस, आणि निंदायला बसायचं असेल तर बूड टेकेल असा छोटा मोढा, एवढ्या बदलाने गोळ्या कमी लागतात. खापरावर मांडे टाकायचे असतील तर चूल विटांवर उंच मांडून उभ्याने टाका. कापूस वेचताना कमरेची झोळी पूर्ण भरेपर्यंत थांबू नका, अर्ध्यातच रिकामी करा.

दुखीवर पहिलं औषध डायक्लोफिनॅकचं जेल, दिवसातून तीन-चार वेळा, बोटाच्या दोन पेरांइतकं, मऊ चोळून. त्यावर शेक घेऊ नका. दुर्बिणीने गुडघा 'धुणं' झिजेत उपयोगी नाही, हे नीट तपासून सिद्ध झालेलं आहे. ग्लुकोसामीनच्या महागड्या पुड्यांवर पैसे घालण्यापेक्षा ते कमोडच्या खुर्चीत घालावेत. सांधा बदलायचा विचार रात्रीची झोप उडाली, घरातल्या घरात चालणं अवघड झालं आणि व्यायाम-औषधं मनापासून करून झाली, तेव्हाच. चांगला बसवलेला कृत्रिम गुडघा बहुतेकांना 15 ते 20 वर्षं किंवा जास्त साथ देतो, पण त्यावर उकिडवं बसायचं नसतं, हे ऑपरेशनआधीच समजून घ्या.

आमवात

इथे शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पट जास्त, आणि ऐन कामाच्या वयात. ओळख हातांवर पटते. बोटांच्या मुळाच्या आणि मधल्या गाठी सुजतात, शेवटचं पेर, नखाजवळचं, सहसा सुटतं. त्याच शेवटच्या पेरावर कडक गाठ आली असेल तर ती झीज. बांगडी मनगटावरून सरकेना, अंगठी निघेना, भाकरी थापताना तळवा टेकवेना, धुणं पिळताना मनगटात कळ, आणि दोन्ही हातांना सारखंच, असं सहा आठवडे चाललं तर थांबू नका. पहिल्या तीन महिन्यांत योग्य औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होणं बहुतेकांत टळतं. वाकडी झाल्यावर औषधाने सरळ होत नाहीत.

तपासण्या : ईएसआर आणि सीआरपी (अंगात दाह किती आहे ते दाखवतात), आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवातासाठीच्या रक्ततपासण्या), हातापायांचे एक्स-रे. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवात, असं नसतं. तो म्हाताऱ्या माणसांत, टीबीत, कावीळच्या जुन्या आजारातही येतो. उलट आमवाताच्या चार-पाच रोग्यांपैकी एखाद्यात तो निगेटिव्ह असतो. अँटी-सीसीपी जास्त भरवशाची.

मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. रोज घेतलं तर तोंडात जखमा होतात, रक्तातल्या पेशी कोसळतात, आणि माणूस दगावू शकतो. ही चूक आजही घडते, कारण घरात बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. गावाचा आठवडे बाजार ज्या वारी भरतो तो वार ठरवून टाका आणि पाकिटावर ठळक लिहा, म्हणजे विसरणार नाही आणि दुबारही होणार नाही. फॉलिक ॲसिड दुसऱ्या वारी, डॉक्टर सांगतील तसं. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी आणि मग दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशी, लिव्हर आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) तपासायचं. दारू पूर्ण बंद. मूल हवं असेल तर किमान तीन महिने आधी डॉक्टरला सांगून औषध बदलून घ्या. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर डॉक्टर कमी डोसात स्टेरॉइड देतात, आणि ते पुलासारखं, ठरावीक दिवसांपुरतं असतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला आणि पुढे ठरल्याप्रमाणे. बिडी आमवात होण्याचा धोकाही वाढवते आणि औषधाचा गुणही कमी करते.

चाळिशीच्या आतल्या तरुणाची कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखते, पहाटे तीन-चारला जाग येते आणि उठून चाललं की बरं वाटतं, तर गादी बदलून काही होणार नाही. हा मणक्याचा दाह असू शकतो. कंबरेखालच्या सांध्यांचा एमआरआय आणि एचएलए-बी 27 ची (या आजाराशी जोडलेल्या जनुकाची) रक्ततपासणी करून घ्या. सोरायसिसचे चट्टे आणि एखादं संपूर्ण बोट सुजून जाड झालेलं असेल तर आमवाताचाच चुलत आजार, आणि तो चट्ट्यांच्या मलमाने जात नाही.

गाऊट

साखरेचा पाक जास्त घट्ट झाला की खडे धरतो, तसं रक्तातलं यूरिक ॲसिड 6.8 मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या पुढे गेलं की सांध्यात त्याचे स्फटिक बसू शकतात. पहिला झटका बहुतेक पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, रात्री. पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. पुरुषांत तिशी-चाळिशीनंतर, बायकांत पाळी गेल्यावर. खानदेशातला उन्हाळा यात भर घालतो. दिवसभर घाम, पाणी कमी, संध्याकाळी दारू, आणि रात्री अंगठा लाल.

झटक्याच्या वेळी यूरिक ॲसिड चांगलं येऊ शकतं, म्हणून झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. आणि नुसतं यूरिक ॲसिड 7.5 निघालं, सांधा कधी सुजलाच नाही, तर तो गाऊट नाही आणि त्याला गोळीही लागत नाही. टाच दुखते म्हणून यूरिक ॲसिड काढायचं, थोडं जास्त आलं की वर्षभर गोळ्या खायच्या, हा प्रकार आता फार वाढला आहे.

झटक्यावर कोल्चिसिन लवकरात लवकर, कमी डोसात. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरशिवाय नको. ॲलोप्युरिनॉल हे झटक्याचं औषध नाही, ते पुढचे झटके टाळण्यासाठी आहे. 100 मिग्रॅ पासून सुरू करून दर दोन-चार आठवड्यांनी वाढवत यूरिक ॲसिड 6 च्या खाली आणायचं. पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात, म्हणून जोडीला कोल्चिसिन देतात. चालू असलेलं ॲलोप्युरिनॉल झटक्यात बंद करू नका. अंगावर पुरळ उठलं तर मात्र त्याच क्षणी बंद करून दवाखान्यात जा. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी यूरिक ॲसिड वाढवते, पण ती स्वतःहून सोडू नका, बदलता येते.

पथ्य

आंबट, वांगं, उडीद, भात, बटाटा हे सगळं वर्ज्य सांगणारे घरोघरी आहेत. झिजेत आणि आमवातात वांगं खाल्ल्याने सांधा बिघडतो याला आधार नाही. भरीत सोडायची गरज नाही. स्वतःला शंका असेल तर तीन आठवडे एकच पदार्थ बंद करा, मग खा, आणि वहीत फरक दिसतो का पाहा. गाऊटमध्ये काळीज-किडनी, रोजचं मटण, बिअर, देशी किंवा मोहाची दारू, आणि बाटलीतली गोड शीतपेयं टाळायची. तुरीची डाळ आणि उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी चालते. डाळींमुळे गाऊटचे झटके वाढत नाहीत. शेव-भाजीवरची तर्री वजनासाठी वाईट, सांध्याशी तिचं थेट वैर नाही. पथ्याने यूरिक ॲसिड साधारण 1 मिग्रॅ इतकंच उतरतं, म्हणून नुसत्या पथ्यावर जुना गाऊट आवरत नाही.

चिकुनगुन्यानंतर

2006 च्या साथीपासून हे दुखणं महाराष्ट्रात घरोघरी माहीत झालं. ताप जातो आणि घोटे, मनगटं, बोटं आठवडे, कधी महिने धरून राहतात. तापाच्या दिवसांत डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. चिकुनगुन्याची आयजीएम रक्ततपासणी पाचव्या-सहाव्या दिवसानंतर करावी, त्याआधी ती निगेटिव्ह येऊ शकते. सूज तीन महिन्यांनंतरही राहिली तर आमवातासाठी तपासून घ्या. ज्या गल्लीत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं तिथे प्रत्येक घरात ड्रम भरलेले असतात आणि डास त्यातच होतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून कडा घासायच्या. नुसतं पाणी ओतून अंडी जात नाहीत.

सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, आणि तसंच शिरपूर, चोपडा, यावलच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल आणि पावरा कुटुंबांत हाडं-सांधे वारंवार दुखत असतील तर सगळ्यात आधी सिकलसेल तपासा. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे दोन्ही हात-पाय अचानक सुजणं ही पहिली खूण असते. मोठेपणी दुखण्याचे झटके येतात. पाणी कमी पडणं, ताप, थंडी आणि अतिश्रम हे झटका आणतात. कापूस वेचायला किंवा ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या मजुराला हे चारही एकदम गाठतात. सॉल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची रक्ततपासणी करून वाहक (दोष आहे पण आजार नाही) की रुग्ण ते ठरतं, त्याशिवाय निष्कर्ष काढू नये. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात ही तपासणी मोफत आहे.

या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो मरू शकतो. विशी-पंचविशीचा मुलगा जांघेत दुखतं म्हणून लंगडतो. सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. लवकर कळलं तर वजन उचलणं थांबवून, कधी छोट्या ऑपरेशनने, खुबा वाचवता येतो. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतलं तर झटके कमी होतात. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला तर घरी थांबायचं नाही.

सिकलसेलखेरीज मुलांतला आणखी एक आजार : शाळकरी मुलाचा घसा दुखून गेला, दोन-तीन आठवड्यांनी एक सांधा सुजला, तो बरा होतो तोच दुसरा धरला, तर ऱ्हुमॅटिक फिव्हर. सांधे पूर्ण बरे होतात, पण हृदयाची झडप बिघडू शकते. इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, आणि पेनिसिलिनचं दर तीन आठवड्यांचं इंजेक्शन वर्षानुवर्षं चुकवू नका.

गोळ्या, पुड्या आणि बिब्बा

दुखण्याच्या दोन गोळ्या एकत्र घेऊ नका. नावं वेगळी असली तरी आत बहुतेक वेळा तेच औषध असतं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. जेवणानंतर, कमीत कमी दिवस. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, अंगातलं पाणी उन्हाने कमी झालं आहे, आणि त्यात डायक्लोफिनॅक, हे तिन्ही जुळलं की किडनी अचानक बसू शकते. पॅरासिटामॉल 500 मिग्रॅ च्या सहा गोळ्यांपर्यंत दिवसभरात चालतात, दारू पिणाऱ्याला त्याहून कमी.

एका रात्रीत सगळे सांधे सुटले, भूक वाढली, अंगात हुशारी आली, तर त्या पुडीत किंवा 'जडीबुटी'त स्टेरॉइड असण्याचा दाट संशय घ्या. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हात-पाय बारीक होतात, पोटावर जांभळे पट्टे येतात, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात आणि खुब्याचा गोळा मरू शकतो. पण तीन आठवड्यांहून जास्त घेतलेली अशी पुडी एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. उलट्या, चक्कर, रक्तदाब पार खाली, अशी अवस्था येऊ शकते. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, तो डोस उतरवत नेईल. सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन हा वेगळा प्रकार. योग्य हातात ते उपयोगी आहे, मात्र एका सांध्यात वर्षाला तीन-चारच्या वर नको, आणि मधुमेह्याची साखर त्यानंतर काही दिवस चढते.

दुखऱ्या सांध्यावर लावलेल्या बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि त्या फोडातून जंतू आत जातात. डाग देण्याचंही तेच. सांधा गरम आणि सुजलेला असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटं. नुसता आखडलेला असेल तर कोमट शेक. पायांना बधिरपणा असलेल्या मधुमेह्याने गरम वाळूची पोटली किंवा पिशवी पायाला लावू नये. भाजलेलं कळतच नाही.

दवाखान्यात जाताना

हाड मोडलं, सांधा बदलायचा, तर अस्थिरोग तज्ज्ञ. अनेक सांधे सुजलेत, सकाळी तासभर आखडतात, ताप किंवा चट्टे आहेत, तर फिजिशियन किंवा संधिवात तज्ज्ञ. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथल्या मेडिसिन ओपीडीत सुरुवात करता येते. नाशिक किंवा सुरतेला जायचं तर आधीच्या तपासण्या सोबत न्या, नाहीतर तिथे सगळ्या पुन्हा होतात. एक्स-रेची फिल्म घडी घालून नेऊ नका.

सोबत दोन आठवड्यांची वही, सूज होती त्या दिवशीचे मोबाइलवरचे फोटो (तारखेसकट, दोन्ही बाजूंचे), आणि आजवर खाल्लेल्या प्रत्येक गोळीचं पाकीट, रिकामं असलं तरी. पाकीट नसेल तर कागदी पुडीच न्या. लॅबचं 'संधिवात पॅकेज' आपल्या मनाने करून जाऊ नका. डॉक्टरने सांधे दाबून पाहिल्यावर त्यातल्या निम्म्या तपासण्या लागत नाहीत. यूरिक ॲसिड, ईएसआर, सीआरपी यांपैकी कशालाही उपाशी राहावं लागत नाही, म्हणून लांबून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पहाटेपासून उपाशी ठेवू नका. आदल्या दिवशी दुखण्याची गोळी टाळता आली तर टाळा, सूज खरी किती आहे ते डॉक्टरला दिसतं. डॉक्टरने लिहून दिलेलं स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट मात्र यासाठी बंद करायचं नाही.